क्रमांक, सही आणि पावती

आमच्या इमारतीच्या गणपतीची वर्गणी मी अकरा वर्षं गोळा केली. पावतीपुस्तकाच्या प्रत्येक पानाला मधोमध टोचलेल्या भोकांची रेघ, कोपऱ्यात लाल शाईतला क्रमांक आणि खाली ‘खजिनदार’ या शब्दावर माझी सही. पान चुकलं तर ते फाडून फेकायचं नाही, त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहायचं आणि पुस्तकातच ठेवायचं. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला हा नियम शिकवावा लागत नाही. चेकवरची सही नमुना सहीशी जुळते का, हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

म्हणून मुंबईतल्या एका प्रदर्शनात पहिल्यांदाच एक छापचित्र अगदी जवळून पाहिलं, त्याच्या खालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीनं डावीकडे ३७/२०० आणि उजवीकडे सही दिसली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “अगंबाई, ही तर पावती!” सोबतची मैत्रीण जे. जे.मध्ये शिकलेली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा तासभर मी तोंड उघडलं नाही. ते चित्र एका रुग्णालयाच्या बालविभागाच्या मदतीसाठी विकायला ठेवलं होतं. म्हणजे पैसे भरायचे, ते एका कामाला जायचे आणि आपण क्रमांक घातलेला, सही केलेला कागद घेऊन घरी यायचं. याला पावती नाही तर काय म्हणायचं? तिला अजून ते पटलेलं नाही. माझा हट्टही सुटलेला नाही. हे पुस्तक त्या हट्टातून झालं.

आधी विषय नेमका काय, ते सांगते. चित्रकार दगडावर, तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर, लाकडाच्या ठोकळ्यावर, लिनोलियमवर नाहीतर ताणलेल्या जाळीवर काम करतो आणि त्यावरून कागदावर ठसे घेतो, ते छापचित्र. मुद्राचित्र असंही म्हणतात. कागदावर उतरेपर्यंत ते चित्र कुठेच नसतं, म्हणून त्याची प्रत्येक प्रत मूळच असते. तैलचित्राचा फोटो काढून ऑफसेटवर छापलेल्या प्रतींचं तसं नाही. त्यांचं मूळ कुणाच्या तरी दिवाणखान्यात टांगलेलं असतं. गंमत अशी, की दोन्हींखाली पेन्सिलीची सही असू शकते, दोन्हींवर आकडा असू शकतो आणि दुकानदार दोन्हींना ‘प्रिंट’च म्हणतो. जाणकार पहिल्याला मान देतात आणि दुसऱ्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. या पुस्तकात मी दोन्ही घेतली आहेत. ते का, हे वाघाच्या चित्रापाशी आल्यावर कळेल.

आकड्यातला रेघेखालचा भाग एकूण प्रतींचा, वरचा त्या प्रतीचा. वरचा आकडा लहान असला की प्रत भारी, ही समजूत सोडून द्या. वाळायला टांगलेले कागद कुणी कसे उतरवले आणि सही करताना कोणता हाताला आधी लागला, यावर तो पुष्कळदा ठरतो. ड्रायपॉइंटची गोष्ट मात्र निराळी. त्यात सुईनं उकरलेल्या धातूची बारीक कड दाबाखाली लवकर झिजते, त्यामुळे पहिल्या काही ठशांतली मखमली काळी रेघ पुढच्या प्रतींत उरत नाही. चित्रकाराच्या वाट्याच्या थोड्या प्रती वेगळ्या असतात, त्यांवर ‘ए. पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) असं लिहितात. आवृत्ती पूर्ण झाली, की पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून तो निकामी करतात. माझी ‘रद्द’ची रेघ इथेही आहेच, फक्त ती सगळं पुस्तक संपल्यावर मारायची.

सहीची ही रीत तशी अलीकडची. ड्यूररनं आपली आद्याक्षरं ठोकळ्यात आणि पत्र्यातच कोरली. ती प्रत्येक ठशात आपोआप उतरत, वेगळी सही करायचं कारणच नव्हतं. पेन्सिलीच्या सहीला किंमत आणली ती व्हिस्लर या अमेरिकन चित्रकारानं, १८८०च्या दशकात लंडनमध्ये. सही असलेल्या प्रतीला तो जास्त पैसे मागू लागला. आपल्या एचिंगचे, म्हणजे आम्लानं कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेल्या ठशांचे, कागद तो चित्राच्या कडेपर्यंत कापून टाकायचा, फक्त खाली एक लहानशी जीभ ठेवायचा आणि तिच्यावर त्याचं ते फुलपाखरू, म्हणजे त्याची सही, काढायचा. आपल्याकडे त्याच सुमारास उलटं चाललं होतं. राजा रविवर्म्यानं १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. आमच्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीखाली सही नव्हती, आकडा नव्हता. ती अमर्याद होती आणि आजीच्या दृष्टीनं ते योग्यच होतं.

मर्यादा येते ती पैसे उभे करायचे असतात तेव्हा. चित्र एकच असेल तर एकच माणूस ते विकत घेणार. भरमसाट छापलं तर कुणीच चार पैसे जास्त देणार नाही. दोनशे प्रती काढल्या, की दोनशे माणसांकडून बऱ्यापैकी रक्कम मिळते. वर्गणी गोळा करणाऱ्या कुणालाही हे गणित कळेल. कलेच्या इतिहासकारांना ते सांगायला थोडा संकोच वाटतो, असं माझं निरीक्षण आहे.

अशा चित्रांचा इतिहास मी बर्लिनपासून सुरू केला आहे, कारण चित्रकार केटे कोल्वित्झशिवाय तो सुरू करताच येत नाही. पहिल्या महायुद्धात तिचा धाकटा मुलगा गेला. नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता. युद्ध संपलं आणि उपासमार आली. १९२०मध्ये तिनं व्हिएन्नाच्या मरणाऱ्या मुलांसाठी शिळाछाप भित्तिचित्र केलं. १९२१मध्ये रशियातल्या दुष्काळासाठी, १९२३मध्ये खुद्द जर्मनीच्या भुकेल्या मुलांसाठी. त्या शेवटच्या चित्रात मुलं रिकामे वाडगे वर धरून उभी आहेत. वाडगे अगदी थोड्या रेघांत आहेत, सगळं वजन मुलांच्या डोळ्यांत आहे. १९२४मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार मदत संस्थेनं ‘भूक’ नावाचा शिळाछाप चित्रांचा संच काढला. त्यात कोल्वित्झबरोबर ओटो डिक्स आणि जॉर्ज ग्रोस होते. तिचं ‘भाकरी’ हे चित्र त्यातलंच. आईच्या अंगाला दोन मुलं लोंबकळत आहेत आणि आईचा चेहरा आपल्याला दिसत नाही, फक्त वाकलेली पाठ दिसते. चांगल्या कागदावरचा सही केलेला संच ज्याला परवडेल त्यानं घ्यायचा, आणि तसलीच चित्रं भित्तिपत्रक होऊन रस्त्यावर लागायची. पैसेवाल्याची पावती वेगळी, पण हाक सगळ्यांना एकच.

१९३७मध्ये यादवीत सापडलेल्या स्पेनसाठी हेच घडलं. पिकासोनं जानेवारीत दोन पत्रे घेतले, प्रत्येकावर नऊ चौकोन आखले आणि बंडखोर जनरल फ्रँकोची विटंबना करणारी चित्रकथा कोरायला घेतली. बेत असा होता, की अठराही चौकोन वेगळे कापून पोस्टकार्डं विकायची आणि पैसे प्रजासत्ताकाच्या मदतीला द्यायचे. मधेच गेर्निका गावावर बॉम्ब पडले. पिकासोनं त्याच नावाचं ते प्रचंड चित्र रंगवलं आणि जूनमध्ये उरलेले चार चौकोन पुरे केले. त्यांत फ्रँकोची टिंगल नाही, आक्रोश करणाऱ्या बायका आहेत. पोस्टकार्डांचं राहून गेलं. पॅरिसच्या प्रदर्शनात स्पेनच्या दालनात ती चित्रं संच म्हणून विकली गेली. एकूण हजार प्रती, आणि त्यांतल्या बहुतेकांवर हाताची सही नाही, सहीचा शिक्का आहे. आज व्यापारी त्या शिक्क्यापायी किंमत पाडून मागतात. मला तो शिक्का आवडतो. घाई होती, पैसे लवकर हवे होते, हे तो स्वच्छ सांगतो. त्याच वर्षी मीरोनं एक फ्रँकच्या तिकिटासाठी चित्र केलं. एक कातालान शेतकरी, आणि त्याची वर उगारलेली मूठ त्याच्या डोक्यापेक्षा मोठी. तिकीट निघालंच नाही. ते चित्र स्टेन्सिलनं मोठ्या आकारात छापून विकलं, खाली मीरोच्या अक्षरात चार ओळी आणि चित्रात मात्र ती तिकिटाची किंमत, एक फ्रँक, तशीच ठेवलेली. पावतीवर रक्कम छापलेलं इतकं देखणं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

आपल्याकडचा धागा मात्र विकण्यापाशी तुटतो. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूर भागात पायी फिरला आणि दिसेल ते काळ्या शाईत काढत गेला. त्याची चित्रं कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’मध्ये येत. हे पत्र मुंबईहून निघे, त्याचं मराठी भावंड म्हणजे ‘लोकयुद्ध’. ‘हंग्री बेंगाल’ ही त्याची पुस्तिका निघाली, तिच्यात बावीस रेखाचित्रं होती. सरकारनं पाच हजार प्रती जप्त केल्या आणि जाळल्या. कुटुंबाकडे राहिलेली प्रत पुढे कोलकात्याच्या बँकेच्या तिजोरीत सांभाळली गेली. बँकेच्या तिजोरीबद्दल मला वाटलेला हा एकमेव अभिमान. मर्यादित आवृत्तीची गोष्ट निघाली, की मला ही पाच हजारांची एकावर आलेली आवृत्ती आठवते. तिची मर्यादा चित्रकारानं ठरवली नव्हती.

चित्तप्रसाद नंतर मुंबईत अंधेरीला राहिला. तिथे त्यानं लिनोकटमध्ये राबणारी मुलं कोरली, बूटपॉलिशवाली, ओझी उचलणारी. लिनोलियमवर चुकीला माफी नसते. एकदा कोरून काढलं ते गेलं, उरलं तेवढंच काळं. ती चित्रं १९६९मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीनं पुस्तकरूपानं छापली. नाव होतं ‘परीकथांविना देवदूत’ अशा अर्थाचं. अंधेरीच्या खोलीत कोरलेली मुंबईची पोरं कोपनहेगनच्या वाटेनं जगातल्या मुलांसाठी उभी राहिली. आमच्या पिढीला युनिसेफ माहीत होतं ते नववर्षाच्या शुभेच्छापत्रांमुळे. त्यातलं पहिलं, १९४९चं, चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या एका मुलीनं काचेवर रंगवलेल्या चित्राचं होतं. पुढे १९७९मध्ये मुंबईत पन्नास रुपयांच्या भांडवलावर ‘क्राय’ ही मुलांसाठीची संस्था सुरू झाली, तीही शुभेच्छापत्रं विकूनच उभी राहिली. ती पत्रं मी गठ्ठ्यानं घेत असे आणि निम्मी पाठवायचं विसरत असे. संग्रहाची सुरुवात विसराळूपणातूनही होते.

आता वाघ.

डेव्हिड शेपर्ड हा इंग्रज चित्रकार जाणत्यांच्या यादीत कधीच नव्हता. १९४९मध्ये तो केनियाला गेला, राखीव जंगलात गेम वॉर्डन व्हायचं म्हणून. तिथे नकार मिळाला. लंडनच्या स्लेड कलाशाळेनंही नकार दिला. मग एका चित्रकाराच्या हाताखाली शिकून तो विमानांची चित्रं काढू लागला. १९६०मध्ये ब्रिटिश वायुदलानं त्याला आफ्रिकेत बोलावलं आणि सांगितलं, की विमानं आम्ही रोज बघतो, इथल्या प्राण्यांचं काहीतरी काढ. त्याच प्रवासात त्याला विष कालवलेल्या पाणवठ्याभोवती २५५ मेलेले झेब्रे दिसले. तिथून पुढे त्याचा कुंचला निधीसंकलनाच्या कामाला लागला तो २०१७मध्ये तो जाईपर्यंत. अमेरिकेत आपली चित्रं लिलावात काढून त्यानं झांबियाला शिकारचोरांविरुद्ध हेलिकॉप्टर घेऊन दिलं. आणि १९७३मध्ये ‘टायगर फायर’ या आपल्या चित्राच्या सही केलेल्या प्रती त्यानं भारतातल्या वाघासाठी विकायला काढल्या.

ते वर्ष आपल्या ओळखीचं आहे. आदल्या वर्षीच्या गणतीत देशात वाघ भरले होते सुमारे १८२७. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. जागतिक वन्यजीव निधीच्या गाय माउंटफर्टनं इंदिरा गांधींना दहा लाख डॉलर उभे करून द्यायचं कबूल केलं होतं. १ एप्रिल १९७३ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत कान्हा होतं, रणथंबोर होतं, सुंदरबन होतं आणि आपलं मेळघाट होतं. शेपर्डच्या त्या चित्रानं या कामासाठी १,२७,५०० पौंड जमवले. आवृत्ती ८५० प्रतींची. जुनी सवय, मी भागाकार करून पाहिला. बरोबर दीडशे पौंड येतात, बाकी शून्य. हिशोब इतका गोल सुटतो, तेव्हा विक्रीची सगळीच्या सगळी रक्कम कामाला गेली असणार, असं माझ्यातली खजिनदार म्हणते. त्या वेळच्या दरानं हे वीस लाख रुपयांहून जास्त झाले.

‘टायगर फायर’ ही ऑफसेटवर छापलेली प्रत आहे. शेपर्डनं दगडाला किंवा पत्र्याला हात लावलेला नाही. कलेच्या दृष्टीनं ती एका तैलचित्राचा फोटो आहे, खाली पेन्सिलीची सही आणि कोपऱ्यात ब्रिटनमधल्या छापचित्र व्यापाऱ्यांच्या संघटनेचा बिनशाईचा उठावाचा शिक्का. (असे शिक्के मारायची रीत तिथे १८४७पासून आहे. एक आवृत्ती चोरून दोनदा छापायची खोड तिथल्या प्रकाशकांनाही होतीच.) माझ्या जे. जे.वाल्या मैत्रिणीचं मत असं, की हे भिंतीवर लावण्यापेक्षा कॅलेंडर लावावं. चित्रकलेपुरतं तिचं बरोबर असेल. पण कोल्वित्झच्या रेघेपुढे ज्या चित्राला मी कधी उभं करणार नाही, त्या चित्रानं जंगलाला जितकं दिलं तितकं फार थोड्या थोर चित्रांनी दिलं असेल. म्हणून ते या पुस्तकात आहे, आणि त्याला चार पानं जास्त दिली आहेत.

यात आणखी एक बाजू आहे आणि ती लिहिल्याशिवाय मेळघाटचं नाव घेणं मला प्रामाणिक वाटत नाही. वाघासाठी लंडनमध्ये ज्यांनी दीडशे पौंड दिले त्यांना सही केलेला कागद मिळाला. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींनी गावं दिली. बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठून खाली अकोट तालुक्यात गेली. त्यांच्या वर्गणीची पावती कुणी फाडली नाही.

सहीकडे परत येते, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. १९७४मध्ये अँडोराच्या सीमेवर फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी एक ट्रक अडवला. त्यात चाळीस हजार कोरे कागद होते आणि प्रत्येकाखाली साल्वादोर दालीची सही. चित्र नंतर कुणीही, काहीही छापावं! मी बँकेत असताना सही केलेल्या एका कोऱ्या चेकसाठी लोकांची झोप उडालेली पाहिली आहे. इथे ट्रकभर होते. त्यामुळे दालीची त्या काळातली छापचित्रं घेताना सही खरी असून चित्र खोटं, असा अजब प्रकार निघू शकतो. चेकमध्ये आम्हाला नेहमी उलटी भीती असे.

माझी स्वतःची फसगत झाली ती याहून साधी. एका पुरानंतर मदतनिधीसाठी भरलेल्या विक्रीत मी नावाजलेल्या चित्रकाराची सेरीग्राफ, म्हणजे ताणलेल्या जाळीवरून छापलेली, म्हणून एक प्रत घेतली. सही झोकदार होती, आकडा होता, प्रमाणपत्र होतं. घरी आणून भिंगाखाली धरली तर सहीची करडी रेघ बारीक रंगीत ठिपक्यांची निघाली. सही चित्राबरोबरच छापलेली होती. पस्तीस वर्षं सह्या जुळवलेली मी, आणि ती सही अस्सलच होती हो, फक्त ती त्या कागदावर केलेली नव्हती! तेव्हापासून मी कुठेही जाताना भिंग घेऊन जाते. पेन्सिलीची सही तिरप्या उजेडात चकाकते, ग्राफाइटचे कण कागदाच्या खाचांत बसलेले दिसतात, आणि कागद पालटून पाहिला तर कधी कधी हाताचा दाब मागून उमटलेला असतो. सेरीग्राफमध्ये प्रत्येक रंग सलग थरात बसतो, ठिपके दिसले तर शंका घ्यावी. आणि प्रमाणपत्रावरच्या सहीनं भुलू नये. प्रमाणपत्र छापणं हे चित्र छापण्यापेक्षा सोपं असतं.

पैशांबद्दल विचारायला आपण लाजतो, विशेषतः पुण्यकामात. लाजू नये. ‘उत्पन्नाचा काही भाग’ एवढंच लिहिलेलं असेल तर किती भाग, छपाईचा खर्च वगळून की धरून, आणि पोचला कधी, हे विचारावं. जी संस्था खरी आहे तिला या प्रश्नाचा राग येत नाही. आणखी एक गैरसमज: असं चित्र घेतलं म्हणजे देणगी दिली आणि तिची करसवलतीची पावती मिळेल. तुम्ही वस्तू विकत घेतलेली असते, तिचं बिल मिळतं. अमेरिकेत तर चित्रकाराचीच पंचाईत आहे. १९६९च्या कायद्यापासून त्यानं स्वतःचं चित्र दान केलं, तर त्याला करसवलत मिळते फक्त कागद, रंग आणि शाईच्या खर्चापुरती. तेच चित्र विकत घेऊन ठेवलेल्या माणसानं पुढे संग्रहालयाला दान केलं, तर त्याला बाजारभावानं सवलत मिळू शकते. तरीही चित्रकार देतात, हे विशेष.

आणि ही वर्गणी एकदाच गोळा होते. २०२२च्या शेवटी भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बँक्सीनं युक्रेनमधल्या मदतकार्यासाठी पन्नास चित्रं काढली. ‘फ्रॅजाइल’ असं छापलेल्या खोक्यावरून घसरणारा उंदीर, आणि त्याच्या नखांचे ओरखडे बँक्सीनं पिझ्झा कापायच्या चाकानं प्रत्येक प्रतीवर हातानं ओढले. किंमत पाच हजार पौंड, घेणारे लाखोंनी रांगेत. ओरखड्यांमुळे प्रत्येक प्रत वेगळी. जुने लोक पत्र्यावर ओरखडे ओढून आवृत्ती संपवत, याच्या ओरखड्यांनी प्रतीचा जन्म होतो. पन्नास गुणिले पाच हजार, अडीच लाख पौंड, तेवढे कामाला गेले. उद्या एखाद्यानं आपला उंदीर लिलावात दसपट भावानं विकला तर वरचे सगळे पैसे त्याचे. ब्रिटनमध्ये २००६पासून फेरविक्रीत चित्रकाराला हिस्सा मिळतो. मदतकार्याला मिळत नाही. संग्राहक म्हणवून घेणाऱ्यांपैकी बरेचजण पहिल्या दिवशीच विकायच्या तयारीनं आलेले असतात, हे मी अशा विक्रीच्या रांगेत उभी राहून ऐकलं आहे. त्यांना वाईट म्हणणार नाही. पण लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टनं १९९४मध्ये सुरू केलेली युक्ती मला फार शहाणी वाटते. प्रदर्शनात सगळी चित्रं पोस्टकार्डाएवढी, सगळ्यांची किंमत सारखी आणि सही मागच्या बाजूला. पैसे भरल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. घेणाऱ्याला निदान एकदा तरी नुसतं चित्र बघावं लागतं.

जपणुकीवर शेवटी वेगळं प्रकरण आहे, तरी दोन गोष्टी इथेच सांगून टाकते, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारे लोक मला माहीत आहेत. आपला शत्रू पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कागद ओल पितो, लहरी धरतो, त्यावर तांबूस ठिपके उठतात आणि खळ लावलेल्या माउंटच्या मागे कसर लागते. बाहेरच्या, पाऊस खाणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. काच कागदाला टेकू देऊ नये. आम्लविरहित बोर्ड मिळतो, महाग असतो, तोच घ्यावा. साध्या पुठ्ठ्यानं दहा वर्षांत कडेला पिवळी चौकट उमटते. आणि फ्रेमवाल्याला आकडा व सही असलेली कड कापू देऊ नये. आमच्याकडचा अतिशय सज्जन कारागीर मला म्हणाला होता, “ताई, खालची पांढरी पट्टी उगाच जागा खाते, उडवतो.” मी किंचाळले होते.

त्याच कारागिराकडे गेल्या दिवाळीआधी मी एक जुनं, व्यापाऱ्याकडून विकत घेतलेलं शिळाछाप चित्र दिलं. चौकटीला भुंगा लागला होता. त्यानं मागचा प्लाय काढला तसा चार घड्यांचा एक कागद खाली पडला. चित्राच्या पहिल्या विक्रीची पावती होती, अंधांच्या एका शाळेच्या मदतीसाठी झालेल्या विक्रीची. क्रमांक चित्रावरचाच. घेणाऱ्या बाईंचं नाव, रक्कम दोनशे पन्नास रुपये, खाली खजिनदाराची गिचमिड सही. मी ती दोनदा वाचली.

“ठेवू का फेकू?” त्यानं विचारलं.

मी घेतलेल्या चित्राचे पैसे व्यापाऱ्याला गेले होते. शाळेला जे मिळालं ते या बाईंनी दिलं होतं. मी कागद पुन्हा तशाच घड्या घालून आम्लविरहित पाकिटात घातला, चित्रामागे सरकवला आणि त्याला म्हटलं, मार खिळे.